व्हर्नच्या तळघरातली बाई

"…व्हर्न दर गुरुवारी अंगाच्या रंगाचं लवदार कापड नेतो. तिच्या मापाचं हवं म्हणाला," कापडाच्या दुकानातली जोलीन गिऱ्हाइकाला सांगत होती. "मी विचारलं, कुणाच्या मापाचं? तर म्हणतो, आहे एक, तळघरात. तोंड अजून नीट होत नाहीये, पण रविवारपर्यंत तयार होईल. मग चर्चमध्ये सगळ्यांसमोर तिला—"

आणि नेमकं तेव्हाच दुकानातल्या स्पीकरवर पडद्याच्या कापडाची सवलत जाहीर झाली. ती घोषणा संपेपर्यंत जोलीनची कात्री कापडावरून सरकत दुसऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचली होती, आणि बटणांच्या रॅकमागे उभ्या असलेल्या मार्लिस टॉलेफसनच्या हातात फक्त अर्धी बातमी आणि न घेतलेल्या बटणांचं एक कार्ड उरलं होतं.

मार्लिस ही वाईट बाई नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. गल्लीत कुणी आजारी पडलं तर डॉक्टरच्या आधी ती पोचते. (कधीकधी आजारी पडणाऱ्याच्याही आधी.) तिचं एक वाक्य ठरलेलं असतं, "मी काही कुणाच्या भानगडीत पडत नाही, पण…" आणि त्या 'पण'च्या पुढे आमचं निम्मं गाव राहतं.

व्हर्न तिचा कुंपणापलीकडचा शेजारी. बायको आर्डिस मागच्या हिवाळ्यात गेली. आर्डिस म्हणजे मार्लिसची जिवाभावाची मैत्रीण. दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून इतकं बोलायच्या की त्या जागी गवत उगवत नसे. खरं तर बोलायची मार्लिस, आर्डिस ऐकायची आणि हसायची. व्हर्न मात्र जन्मजात मुका वाटावा असा माणूस. 'हो', 'बरं', 'बघू' आणि मासेमारीच्या दिवसांत 'पाईक' हे माशाचं नाव, एवढ्या शब्दांवर त्यानं संसार केला होता.

असा माणूस तळघरात बाई ठेवतो आणि रविवारी तिला चर्चमध्ये उभी करतो म्हणजे काय?

"लग्न," मार्लिसनं घरी येऊन पर्स टेबलावर ठेवायच्या आधीच सांगितलं. "व्हर्न लग्न करतोय, गॉर्डी. वर्षही धड झालं नाही."

तिचा नवरा गॉर्डी गळाचं रीळ खोलून बसला होता. "कुणाशी?"

"ते कळलं नाही. पण तोंड नीट होत नाहीये म्हणे. म्हणजे कवळी बसवत असणार. म्हणजे वयस्कर आहे, तेवढं तरी बरं. आणि तिच्यासाठी अंगाच्या रंगाचं लवदार कापड नेतो. दर गुरुवारी. आता आतल्या कपड्यांचं कापड पुरुषानं जाऊन आणायचं?"

"गरम असतील," गॉर्डी म्हणाला. "तळघर गार असतं."

मार्लिसनं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. गोधडी मंडळात तिनं फक्त विचारलं, आणि विचारणं म्हणजे सांगणं नव्हे. तरी संध्याकाळपर्यंत त्या बाईला डुलुथमध्ये स्वतःचं घर, एक आधीचा नवरा आणि गुडघ्याचं ऑपरेशन मिळालेलं होतं.

राहता राहिलं प्रत्यक्ष बघणं. आमच्याकडे मोकळ्या हातानं कुणाच्या दारात जायची पद्धत नाही, आणि हॉटडिश घेऊन गेलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचीही नाही. मार्लिसनं खिमा परतला, त्यावर मशरूमच्या सूपचा डबा ओतला, वर बटाट्याच्या गोळ्यांची रांग लावली आणि ओव्हनमधून निघालेलं ते भांडं टॉवेलात गुंडाळून व्हर्नच्या दाराशी गेली.

"कशाला तसदी," व्हर्न म्हणाला.

"तसदी कसली. उरलं होतं."

"नको, तुम्हालाच लागेल."

"आम्ही दोघंच तर आहोत."

"बरं, इतकं म्हणतेस तर," व्हर्ननं तिसऱ्या वेळी भांडं घेतलं, रीतीप्रमाणे, आणि रीतीविरुद्ध दार लावून घेतलं. आत ये नाही, कॉफी घे नाही. दाराच्या फटीतून मार्लिसला दिसलं ते एवढंच, की व्हर्नच्या शर्टाला सुया टोचलेल्या होत्या आणि त्याच्या भुवईला गुलाबी तंतू चिकटले होते.

आता सांगा, एवढं बघून कोण सरळ घरी जाईल?

मार्लिस घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. कुणी बघितलंच तर निमित्त असावं म्हणून "माऊ, माऊ" अशी हाक मारत गेली. तळघराच्या खिडकीपाशी आमच्याकडे जमिनीत पत्र्याचा अर्धगोल खड्डा असतो, आत उजेड जावा म्हणून. त्याच्या काठावर वाकून तिनं बघितलं. खिडकीच्या काचेआड दिवा लागलेला, दिव्याखाली व्हर्न, आणि व्हर्नच्या हातात एक डोकं.

टकलं, पिवळं, बिनडोळ्यांचं डोकं. अर्ध्या डोक्यावर गुलाबी कातडं चढलेलं, अर्धं लोंबतंय, आणि व्हर्न ओठांत सुई धरून त्या डोक्याला म्हणतोय, "जरा सहन कर."

मार्लिस आणखी वाकली. कुतूहलाच्या भरात माणूस किती वाकू शकतो याला हद्द असते, आणि ती हद्द त्या पत्र्याच्या खड्ड्याच्या काठावर होती. ती आत गेली. म्हणजे पडली असं तिनं नंतर कधी कबूल केलं नाही, "उतरले" असंच ती म्हणते. पण उतरलेल्या माणसाचा एक बूट वर राहत नाही. खड्डा छातीएवढा, तळाला मागच्या वर्षीची पानं आणि त्या पानांवर आपला हक्क असल्यासारखा बसलेला एक बेडूक. वर चढायला काही नाही. मार्लिसनं दोनदा उडी मारून बघितली. बेडूक तेवढा बाहेर गेला.

खिडकी आतून उघडली.

"मार्लिस," व्हर्न म्हणाला.

"व्हर्न," मार्लिस म्हणाली. "मांजर शोधतेय."

"तुझ्याकडे मांजर नाही."

"म्हणूनच सापडत नाहीये."

व्हर्ननं स्टूल आणलं, हात दिला आणि मार्लिसला खिडकीतून आत ओढून घेतलं. ती इस्त्रीच्या टेबलावर उतरली (हे मात्र खरंच उतरली), आणि ते डोकं तिच्या नाकासमोर आलं.

फोमचं होतं. गादीत असतो तसल्या फोमचं, सुरीनं कोरलेलं. मोठं नाक, पुढे आलेली हनुवटी, आणि कानापासून कानापर्यंत तोंड.

आर्डिस चर्चमधल्या मुलांसाठी बाहुल्या करायची, हे गावात सगळ्यांना ठाऊक. फोम कोरायचा, त्यावर फ्लीसचं मऊ लवदार कापड शिवून चढवायचं, आत हात घालून पडद्याआडून त्यांना बोलतं करायचं. नोहा, त्याची बायको, सिंह, मेंढ्या. निम्मं गाव लहानपणी त्या मेंढ्यांना घाबरून मोठं झालं आहे.

"आर्डिसनं कोरून ठेवलीय," व्हर्न म्हणाला. "शेवटची. कापड चढवायचं राहिलं."

दोरीवर त्यानं आजवर शिवलेली कातडी वाळत घातल्यासारखी टांगली होती. एक उलटं शिवलेलं. एकात तोंडाची जागाच नव्हती. एक इतकं सैल की बाहुलीला मोठा ताप येऊन गेल्यासारखं वाटावं. म्हणजे दर गुरुवारचं कापड इथे संपत होतं.

"रविवारी संडे स्कूल सुरू होतंय," व्हर्न म्हणाला. "एकदा तरी स्टेजवर आली पाहिजे ती. नाहीतर कमिटी कॅटलॉगातून तयार बाहुल्या मागवणार. चर्चमधली आर्डिसच्या बाहुल्यांची फळी रिकामी करणार. तिथे कॉफीच्या किटल्या ठेवायच्यात त्यांना."

व्हर्नच्या तोंडून एका दमात इतकी वाक्यं ऐकून मार्लिसला त्या वाक्यांच्या अर्थापेक्षा त्यांची संख्याच आधी लागली. मग अर्थ लागला. डोळे भरून आले. डुलुथमधल्या त्या घराची आणि गुडघ्याची तिला लाजही वाटली, अगदी मनापासून, जवळजवळ मिनिटभर.

"ही आहे तरी कोण?" नाक पुसून तिनं विचारलं.

व्हर्न शिवणयंत्राकडे बघू लागला. "शेजारीण. पास्टरना यंदा शेजाऱ्यांवर गोष्ट हवीय."

"चेहरा ओळखीचा वाटतो. पण नाक जरा जास्तच मोठं कोरलंय आर्डिसनं. एवढं नाक कुणाचं असतं? बँकेतली ती नवी बाई तर नव्हे?"

"बघू," व्हर्न म्हणाला.

"दे इकडे. मी शिवते."

"मार्लिस, हे शेवटचं कापड आहे. या रंगाचा जोलीनकडचा तागा संपला."

"व्हर्न, जत्रेत गोधडीला पहिल्या नंबरची निळी फीत कुणाला मिळाली होती?"

व्हर्ननं कापड आणि डोकं दिलं. वर आर्डिसनं कापून ठेवलेले कागदाचे नमुने दिले. त्यांवर शाईनं मोठाले बाण काढलेले होते. "बाण बघून बेत," तो म्हणाला.

गोधडी शिवणाऱ्या बाईचे दोन धर्म असतात. कापड वाया घालवायचं नाही, आणि प्रत्येक शिवणीवर इस्त्री फिरवायची. मार्लिसनं दोन्ही धर्म पाळले, आणि तिथंच सगळं बिघडलं.

बाण तिनं बघितले. पण बाणांप्रमाणे नमुने मांडले तर कापडाची एक चांगली पट्टी वाया जात होती. तेच नमुने आडवे फिरवले की सगळे चपखल बसत होते, बोटभर कापडसुद्धा उरत नव्हतं. आर्डिस बिचारी मनानं मोठी, पण बेतण्यात जरा उधळीच होती असं मनाशी म्हणत तिनं कात्री चालवली. गोधडीचं सुती कापड उभं धरा, आडवं धरा, तसंच राहतं. फ्लीस एका बाजूला रबरासारखं ताणलं जातं आणि दुसऱ्या बाजूला फळीसारखं अडून बसतं. ते बाण त्यासाठी होते. मार्लिसला वाटलं, ती नुसती सूचना असावी.

मग शिवण झाली, आणि शिवणीवर इस्त्री. फ्लीस म्हणजे शेवटी प्लास्टिकच. नाकाच्या शेंड्यावर इस्त्री जरा रेंगाळली आणि तिथली लव वितळून नाक चकचकीत झालं, वर किंचित तांबडंही.

"सर्दीचं नाक," मार्लिसनं स्वतःची समजूत घातली. "मुलांना आवडेल."

घरच्या घरी डोक्यावर चढवून, तोंडाच्या कडेनं गरम गोंदानं पक्कं चिकटवून, वर करड्या लोकरीचे केस लावून तिनं बाहुली स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभी केली. गॉर्डी कॉफीचा कप घ्यायला आत आला. त्यानं बाहुली बघितली. मार्लिसकडे बघितलं. पुन्हा बाहुली बघितली. आणि तो हसला. साधं नव्हे, फ्रिजला धरून हसला. त्यांच्या लग्नात त्याचा मावसभाऊ केकवर बसला होता, त्यानंतर तो असा हसलाच नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही. छान जमलीय. अगदी बोलकी."

"हो ना? मलाही वाटलं. पण कुणासारखी दिसते रे?"

गॉर्डी कॉफी न घेताच गॅरेजमध्ये गेला.

शनिवारी सकाळी ती बाहुली घेऊन व्हर्नच्या तळघरात गेली, यावेळी दारानं. व्हर्ननं आत हात घातला आणि बोटं मिटली. बाहुलीचं तोंड मिटलं. बोटं जरा सैल केली. टक्. तोंड उघडं. पुन्हा मिटलं. टक्. उघडं.

कापड ताणलं जायला हवं होतं डोक्यावरून हनुवटीकडे, ते ताणलं जात होतं या कानावरून त्या कानाकडे. त्यामुळे वरचा जबडा मागे आणि खालचा खाली, असा तो तटतटून ओढला गेला होता. व्हर्ननं जोर लावून तोंड दाबून धरलं की मिटायचं, आणि हात दमला की पुन्हा आ.

मार्लिस मटकन स्टुलावर बसली. "बाण," ती म्हणाली.

"बाण," व्हर्न म्हणाला.

"उसवू या. सगळं उसवते मी. आडव्या पट्ट्या जोडून…"

"गोंद पक्का आहे. ओढलं तर फोम निघेल बरोबर." व्हर्ननं बाहुलीच्या हनुवटीवरून अंगठा फिरवला. "फोम आर्डिसच्या हातचा आहे."

जिवलग मैत्रिणीची शेवटची खूण कॉफीच्या किटल्यांच्या हवाली करायला आपण बोटभर कापड वाचवलं, एवढंच मार्लिसच्या डोक्यात फिरत होतं.

"मी पास्टरना सांगते, चूक माझी आहे."

"थांब." व्हर्ननं आरशासमोर बाहुली धरली. बाहुली आ वासून गप्प उभी. बघवत नव्हतं, दाराच्या फटीत बोट अडकल्यासारखी दिसत होती. मग व्हर्न अगदी हळू आवाजात, बोटं हलवत म्हणाला, "काय गं, आज हवा बरी आहे." आणि एकदम ते ठीक दिसलं. उघडं तोंड बोलण्याचं झालं.

"बोलत राहिली तर चालेल," व्हर्न म्हणाला. "गप्प बसली तरच वाईट दिसते."

"पण पास्टरनी तिला तीनच वाक्यं दिलीत."

"बघू," व्हर्न म्हणाला, आणि त्याचा चेहरा उद्या दात काढायचा असलेल्या माणसासारखा झाला.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे खालच्या हॉलमध्ये जमले. कॉफी, लिंबाच्या वड्या, पुढे जमिनीवर मुलं, मागे खुर्च्यांवर आम्ही. मार्लिस अगदी पहिल्या रांगेत. मांडीवर तिनं रुमालाचा बोळा केला होता. व्हर्न पडद्यामागे गेला तेव्हा त्याच्या मानेवरून घाम निघालेला तिनं बघितला होता. हा माणूस स्वतःच्या लग्नात 'हो' म्हणतानासुद्धा खोकला होता.

पडद्यावरून आधी चकचकीत नाक आलं. मग तोंड. मग हातात चांदीच्या कागदाचं एवढंसं भांडं.

"या, शेजारीणबाई," पास्टर क्रिस्टीन म्हणाल्या. "काय आणलंत?"

"हॉटडिश," बाहुली म्हणाली. आवाज बारीक होता, घाबरलेला. हे तीनपैकी पहिलं वाक्य. त्यानंतर पास्टरनी शेजारधर्मावर थोडं बोलायचं ठरलं होतं. त्या बोलू लागल्या, आणि बाहुली आ वासून तशीच राहिली. पुढच्या रांगेतलं एक पोर आईकडे सरकायला लागलं. मार्लिसनं डोळे मिटून घेतले.

"मी काही कुणाच्या भानगडीत पडत नाही, पास्टर," बाहुली एकदम म्हणाली, "पण काल तुमच्या दारात निळी गाडी कुणाची होती?"

हॉल हसला. पास्टर गडबडल्या. "माझ्या भावाची."

"भावाची. बरं. आणि भाऊ रात्री राहिला का? नाही, सहज विचारलं. पडदे उशिरा उघडले म्हणून. तुमच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडं होतं, ते लावताना दिसलं, दोन पिझ्झ्याची खोकी. भावाची तब्येत बरी आहे ना?"

मुलं हसून लोळायला लागली. बाहुली थांबेना. थांबता येतच नव्हतं तिला. तिनं सरपणाची चौकशी केली, पोस्टमनच्या पाठदुखीवर उपाय सांगितला, कुणाच्या सुनेला कितवा महिना लागला ते बोटांवर मोजलं. सगळ्यात मोठ्यानं मार्लिस हसत होती. अशा बायका असतात, ती शेजारच्या खुर्चीला सांगत होती, माझी एक चुलतबहीण आहे, हुबेहूब. शेजारची खुर्ची तिच्याकडे विचित्र नजरेनं बघत होती, पण मार्लिसचं लक्ष कुठं. तिला दिसत होतं ते एवढंच, की आर्डिसची शेवटची बाहुली चालली, आणि फळी वाचली.

"पण बाई," पास्टरनी डोळे पुसत विचारलं, "तुम्ही माझ्या घरामागं करत काय होतात?"

"मांजर शोधत होते."

"तुमच्याकडे मांजर आहे?"

"नाही. म्हणूनच सापडत नाहीये."

मार्लिसचं हसू अर्ध्यावर अडकलं. तोंड मात्र उघडंच राहिलं. तिनं बाहुलीकडे बघितलं. नाकाकडे. पुढे आलेल्या हनुवटीकडे. करड्या केसांकडे, जे तिनं स्वतःच्या हातानं, आरशात बघितल्यासारखे, डावीकडे भांग पाडून लावले होते. मग तिनं मागं वळून बघितलं, तर सगळा हॉल बाहुली सोडून तिच्याकडे बघत होता. गॉर्डी तेवढा छताकडे बघत होता, छताचं काम काढायचं असल्यासारखा.

खेळ संपल्यावर ती पडद्यामागं गेली. व्हर्न जमिनीवर बसला होता, हात चोळत. आवाज पार बसला होता.

"आर्डिसनं माझीच बाहुली केली होती," मार्लिस म्हणाली.

"हो."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस, बँकेतली बाई का. मी म्हटलं, बघू." व्हर्ननं खाकरून घसा मोकळा केला. "ती म्हणायची, मी गेल्यावर घर फार शांत होईल. म्हणून ही करून ठेवते. खेळ नसेल तेव्हा घरात बसव. कुंपणाजवळ जायचा कंटाळा आला तर हिच्याकडे बघ."

मार्लिस बराच वेळ बाहुलीचे केस सारखे करत राहिली. "तुला एवढं बोलता येतं, हे माहीत नव्हतं मला."

"मी कुठे बोललो. इतकी वर्षं कुंपणापलीकडून ऐकलंय, ते परत दिलं."

"आणि नाक? एवढं मोठं?"

"आर्डिसनं थोडं लहानच कोरलं होतं," व्हर्न म्हणाला.

कमिटीनं फळी आर्डिसच्या नावानं ठेवली. किटल्या जिन्याखाली गेल्या. मार्लिसनं दुसऱ्या रंगाचं कापड आणून, बाण पाळून, नवं कातडं शिवायची तयारी दाखवली. त्यावर कमिटीनं मत घेतलं आणि तोंड आहे तसंच ठेवायचं ठरलं. एकमतानं. गॉर्डी कमिटीवर नाही, तरी त्यानं हात वर केला होता.

पुढच्या गुरुवारी ती राहिलेली बटणं घ्यायला दुकानात गेली. गॉर्डी बरोबर होता. जोलीननं कार्ड पिशवीत टाकता टाकता आवाज खाली आणला.

"मार्लिस, मग ते व्हर्नचं खरं होतं का गं?"

"अर्धंच," मार्लिस ताठ उभी राहून म्हणाली. "बाई होती, तळघरात होती, रविवारी सगळ्यांसमोर आणली. लग्नाचं तेवढं खोटं. लोक ना, काहीही उठवतात. मी काही कुणाच्या भानगडीत पडत नाही, पण…"

"आणि तिचं तोंड बंद होत नाही म्हणत होते, ते?"

मार्लिसनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"ते खरंय," मागून गॉर्डी म्हणाला, आणि पिशवी घेऊन गाडीकडे चालू लागला.